क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवतानाच इंजिनातले आयएमएस बेअरिंग बदलावे का? बॉक्स्टर, २००२, पुणे

मधलेइंजिन

नमस्कार.

माझ्याकडे २००२ सालची पोर्शे बॉक्स्टर आहे, इंजिन २.७ लिटरचे, गिअर पाच. मामांनी ती ब्रिटनमध्ये घेतली होती आणि कायमचे परत येताना सोबत आणली. गेली सहा वर्षे ती माझ्याकडे, कोथरूडला आहे. मीटरवर ५८ हजार मैल झाले आहेत, म्हणजे साधारण ९३ हजार किलोमीटर. पण त्यातले माझ्या हातचे फार तर सात हजार असतील, कारण रविवारी सकाळी सहाला गाडी बाहेर काढायची आणि नऊच्या आत परत आणून लावायची, असा माझा शिरस्ता आहे. नऊनंतर कर्वे रस्त्यावर ही गाडी चालवण्यात ना गाडीला सुख, ना चालवणाऱ्याला.

दिवाळीपासून क्लचचे पेडल जड होत गेले आहे. सुरुवातीला मला वाटले, की माझाच गुडघा कुरकुरतो आहे. परंतु मुलीने गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत नेली आणि तिनेही तीच तक्रार केली. क्लच आता अगदी वर, पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर पकडतो. गेल्या महिन्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा इंजिनाचे फेरे साडेतीन हजारांवरून एकदम साडेचार हजारांवर गेले आणि गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला. पाठोपाठ जळका वास आला. क्लच प्लेट संपली आहे, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

अडचण पुढेच आहे. पार्किंगच्या फरशीवर, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या जागेच्या बरोबर खाली, दर आठवड्याला दहा रुपयांच्या नाण्याएवढा तेलाचा डाग पडतो. या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे आयएमएसच्या, बेअरिंगविषयी मी इतके काही वाचून ठेवले आहे, की हल्ली गाडी सुरू करताना माझे कान आधी मागे जातात. एका गॅरेजने सांगितले, की क्लच बदलून देऊ, पण इंजिनाला हात लावणार नाही. दुसऱ्याने इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही खाली घेऊन इंजिन पूर्ण खोलावे लागेल असे सांगितले आणि खर्चाचा असा आकडा उच्चारला, की मी समोरचा चहा अर्धा टाकून उठलो. नाना पेठेतील ओळखीच्या दुकानदाराने तर मापे ऐकताच एक ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग काउंटरवर ठेवले आणि हे दोन-अडीचशे रुपयांचे काम आहे, असे सांगून मला निरुत्तर केले.

तेव्हा क्लच बदलताना हे बेअरिंगही बदलून घ्यावे का, त्यासाठी इंजिन खरोखर उतरवावे लागते का, आणि बाजारातले ६२०४ का चालू नये, हे या विषयात हात काळे केलेल्या मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

भोसरीकर

दोन वर्षांपूर्वी मित्राच्या २००१ च्या बॉक्स्टरचे हेच काम आम्ही तिघांनी भोसरीच्या एका शेडमध्ये, भाड्याच्या लिफ्टवर, चार सुट्ट्यांच्या दिवसांत केले. त्यामुळे पुढचे लिहिलेले काही वाचीव आहे आणि काही खरचटलेल्या बोटांचे आहे.

प्रथम मांडणी लक्षात घ्या, म्हणजे दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे का पटण्यासारखे नाही ते कळेल. या गाडीत इंजिन सीटच्या मागे आणि गिअरबॉक्स इंजिनाच्याही मागे असतो. पट्टा आणि पुल्या असलेली इंजिनाची बाजू सीटकडे असते, तर फ्लायव्हीलची बाजू गाडीच्या शेपटाकडे असते. क्रँकशाफ्टच्या खाली, इंजिनाच्या लांबीभर, इंटरमीडिएट शाफ्ट जातो. क्रँकवरून चेनने फिरणे आणि पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) चेनना फिरवणे हे त्याचे काम. या शाफ्टचे फ्लायव्हीलकडचे टोक ज्या बॉल बेअरिंगवर फिरते, तेच आपले बेअरिंग. म्हणजे गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील निघाले, की तीन बोल्टचे एक छोटे झाकण तुमच्या डोळ्यांसमोर येते आणि त्याच्या आड बेअरिंग असते. इंजिन जागेवरच राहते. क्लचसाठी जेवढी मजुरी लागते, त्यातली मोठी मजुरी बेअरिंगसाठीही तीच आहे. फक्त क्लच बदलून सगळे पुन्हा बंद करायचे आणि वर्षभराने बेअरिंगसाठी तेच सगळे पुन्हा उतरवायचे, याला मी तरी काटकसर म्हणणार नाही.

हे सोपे काम आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. शिवाय याच काळातल्या इंजिनांमध्ये तीन प्रकारची बेअरिंगे आढळतात. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचे, २००० च्या आसपासपासून २००५ पर्यंत एका रांगेचे, आणि त्यानंतर २००८ पर्यंत आकाराने मोठे बेअरिंग. हे शेवटचे बेअरिंग इंजिन दोन भागांत उघडल्याशिवाय निघतच नाही. दुसऱ्या गॅरेजच्या मनात कदाचित तेच असावे. तुमची गाडी २००२ ची आहे, म्हणजे एका रांगेचे असायला हवे. परंतु आधीच्या मालकाने इंजिन बदललेले असल्यास कागदावरचे साल कामाचे नाही. झाकण दिसू लागले, की ते काढण्याआधी त्याच्या मधला नट पाहा. तो १३ मिलिमीटरच्या पान्याचा असेल, तर बेअरिंग लहान आहे आणि बदलता येते. २२ चा निघाला, तर झाकण मुकाट्याने तसेच राहू द्यावे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी कोणताही सुटा भाग मागवण्याआधी करायची आहे. ऑईल फिल्टर काढा. या इंजिनाला डब्याच्या आत कागदी घडीचा फिल्टर असतो. तो रात्रभर निथळू द्या, धारदार पात्याने घडी दोन्ही टोकांना कापून पट्टी उलगडा आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून हळूहळू फिरवा. बेअरिंगच्या गोळ्या आणि कड्या पोलादाच्या असतात. त्या झिजू लागल्या असतील, तर चमकदार कण चुंबकाला चिकटतात. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे बहुधा चेनच्या पट्ट्यांचे असतात, आणि या वयात थोडेसे मिळणे चालते. काळे, रबरासारखे तुकडे बेअरिंगच्या सीलचे असू शकतात. पोलादाचे कण भरपूर मिळाले, तर नुसते बेअरिंग बदलून उपयोग नाही, कारण तो भुगा तोवर तेलाबरोबर इंजिनभर फिरून आलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या गॅरेजचा आकडा, दुर्दैवाने, बरोबर ठरतो.

आवाजाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. पेडल दाबल्यावर खरखर सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेले आहे. पेडल दाबल्यावर खरखर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे संशयाने पाहावे. पेडलशी काही संबंध नसलेली, इंजिनाच्या मागच्या अंगाने येणारी घरघर असेल, तर गाडी चालवतच गॅरेजला नेऊ नये. फ्लॅटबेड ट्रक बोलवावा.

जुनीचाके

मी थोडा विरोधी सूर लावतो. अमेरिकेत या बेअरिंगवरून २००१ ते २००५ च्या मॉडेलांसाठी मालकांनी सामूहिक दावा केला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली, हे खरे आहे. पण त्या निमित्ताने जे आकडे पुढे आले, त्यांतही एका रांगेची बेअरिंगे नव्वद टक्क्यांहून अधिक गाड्यांत टिकलेलीच होती. दोन रांगांच्या बेअरिंगांचे प्रमाण त्याहूनही पुष्कळ चांगले होते. जे बेअरिंग ९३ हजार किलोमीटर आणि वीसहून अधिक वर्षे टिकले आहे, ते सुस्थितीत असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरे असे, की माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे इंजिन बेअरिंगने नव्हे, तर बेअरिंग बदलणाऱ्याने संपवले. शहर सांगत नाही आणि गॅरेजही सांगत नाही. चेन ताणून धरणारे टेन्शनर सैल न करता आणि कॅमशाफ्ट न बांधता कारागिराने झाकण ओढून काढले, शाफ्ट एका बाजूला कलला, चेन दात चुकली, आणि पहिल्याच स्टार्टला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले. गाडी आत येताना चालत आली होती आणि जाताना ट्रकवर चढून गेली. ज्या कारागिराने हे काम आधी केलेले नाही, त्याच्याकडून ते करून घेण्यापेक्षा नवा क्लच, नवे ऑईल सील आणि दर सहा महिन्यांनी ताजे तेल एवढ्यावर थांबणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

आणि आपली गाडी थोडी अधिक चालवा. वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर म्हणजे तिला कपाटात ठेवल्यासारखेच आहे.

चिंचवडकर

माझी नोकरी बेअरिंगच्या क्षेत्रात गेली, म्हणून ६२०४ च्या प्रश्नापुरते लिहितो. दुकानदाराने चूक सांगितली असे मी म्हणणार नाही. त्याने अर्धे सांगितले. आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि रुंदी १४, ही ६२०४ ची मापे आहेत आणि तुमच्या इंजिनातले एका रांगेचे बेअरिंग याच मापांच्या घरातले आहे. पाण्याच्या पंपात, छोट्या मोटरीत, असे शेकडो ठिकाणी हे बेअरिंग असते, आणि ज्या शहराच्या शेजारी चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, तिथे ते मिळणे ही काही मोठी गोष्ट नाही. प्रश्न माप जुळण्याचा नाही. हे बेअरिंग तिथे कोणत्या स्थितीत जगते, याचा आहे.

मूळ बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद आणि आत ग्रीस भरलेले असते. त्यामागे विचार असा, की त्याला आयुष्यभर दुसऱ्या वंगणाची गरज पडू नये. पण ते बसले आहे इंजिनात, गरम तेलाच्या शेजारी. इंजिन तापते तेव्हा आतली हवा प्रसरण पावून सीलच्या कडेने बाहेर पडते. थंड होताना तीच जागा तेल आत खेचते. असे हजारो वेळा झाले, की ग्रीस धुऊन निघते आणि त्याच्या जागी थोडेसे तेल अडकून पडते. ते तेल बदलले जात नाही. तुम्ही संपमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या कुंडातले, तेल दर सहा महिन्यांनी बदलले, तरी सीलच्या आतले थेंब जुनेच राहतात. त्यांत ओलावा येतो, जळलेल्या इंधनाची आम्लता येते, आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडू लागतात. पृष्ठभागाची एक खपली निघाली, की पुढची निघायला वेळ लागत नाही. कमी चालणाऱ्या आणि बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीत हे अधिक घडावे, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. जुनीचाके यांचा कपाटाचा दृष्टांत म्हणूनच मला पटला. पण त्याच कारणाने ‘इतकी वर्षे टिकले म्हणजे टिकेल’ हे त्यांचे दुसरे म्हणणे पटत नाही. बेअरिंगचे वय आणि बेअरिंगचे फेरे या दोन वेगळ्या वह्या आहेत.

आता तुम्ही दुकानातले रबर सीलचे, म्हणजे टूआरएस खुणेचे ६२०४ बसवले, तर हीच गोष्ट पहिल्या पानापासून पुन्हा सुरू होईल. इंजिनाकडे तोंड असलेले सील काढून टाकले, तर ताजे तेल आत जाईल, आणि कित्येक जण तसे करतातही. तरीही गोळ्यांना जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याचा प्रकार, आतली मोकळीक आणि पोलादाची प्रत हे प्रश्न उरतातच; काउंटरवरच्या खोक्यात नक्की काय आहे, हे तर आजकाल खोके पाहून सांगता येत नाही. या कामासाठी खास केलेल्या संचांत बहुधा सिलिकॉन नायट्राइडच्या, म्हणजे सिरॅमिकच्या गोळ्या असलेले उघडे बेअरिंग येते; अमेरिकेतील एलएन इंजिनिअरिंगचा संच त्यांत सर्वांत परिचित आहे. या गोळ्या पोलादाहून हलक्या आणि कठीण असतात, आणि वंगण कमी पडले तरी पोलादाशी चटकन चिकटत नाहीत. दुसरा मार्ग गोळ्या काढून टाकून दाबाच्या तेलावर चालणारे साधे बुश-बेअरिंग बसवण्याचा आहे. तांत्रिकदृष्ट्या मला तो अधिक आवडतो, कारण या इंजिनाचा क्रँक तरी दुसऱ्या कशावर फिरतो? परंतु त्याची किंमत बरीच अधिक आहे, आणि तेलाची नळी ओढण्याचे काम वाढते.

एक सूचना. नवे बेअरिंग कोणतेही असो, ते शाफ्टमध्ये ठोकताना बल बाहेरच्या कडीवरच यायला हवे. आतल्या कडीवर हातोडी पडली, तर तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच त्याच्या वाटेवर खळगे पडतात. योग्य मापाचा नळकांडी ठोकणा लेथवर तासभरात करून मिळतो. त्या कामाला पुण्यात कारागीर मिळणार नाही, अशी सबब चालणार नाही.

मधलेइंजिन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल फिल्टर काढला. रात्रभर गॅलरीत जाळीवर निथळत ठेवला होता. सकाळी कापून, उलगडून, वर्तमानपत्रावर पसरला. जुन्या स्पीकरमधला चुंबक पिशवीत घालून तीनदा फिरवला. चुंबकाला केसाएवढे दोन करडे कण चिकटले, त्याहून अधिक काही नाही. तपकिरी प्लॅस्टिकचे तांदळाच्या कणीएवढे चार तुकडे मिळाले. आणि एक काळा, चंद्रकोरीसारखा वाकलेला, नखाने दाबल्यावर दबणारा तुकडा मिळाला, जो पाहून माझी सकाळ खराब झाली.

पेडलशी निगडित किंवा पेडलशी संबंध नसलेला, असा कोणताही आवाज मला ऐकू येत नाही. मुलीलाही येत नाही, आणि तिचे कान माझ्याहून तरुण आहेत.

भोसरीकर, आपल्या शेडमधले काम नेमके कोणत्या क्रमाने केले, ते कृपया लिहाल का? एका छोट्या गॅरेजचे मालक तयार आहेत. त्यांनी या इंजिनावर काम केले आहे, पण हे बेअरिंग त्यांनी कधी बदललेले नाही, आणि तसे त्यांनी स्वतःहून सांगितले.

भोसरीकर

जो स्वतःहून ‘केलेले नाही’ असे सांगतो, त्याच्याकडे काम द्यायला मला भीती वाटत नाही. दोन करड्या कणांनी घाबरू नका. काळा तुकडा सीलचाच असावा, म्हणजे सील फाटले आहे पण गोळ्या अजून शाबूत आहेत. बदलण्याची वेळ हीच.

सुटे भाग आधी सगळे हातात घ्या, मग गाडी लिफ्टवर चढवा. आमचा दुसरा रविवार केवळ एका ऑईल सीलची वाट पाहण्यात गेला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांचा संच, क्लचचा फोर्क ज्या गोळीवर डुलतो ती गोळी, क्रँकचे मागचे ऑईल सील, आयएमएसच्या झाकणाचे सील आणि तीन नवे बोल्ट, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट, कॅमशाफ्टच्या टोकांवरची हिरवी प्लॅस्टिकची टोपणे आणि अर्थातच बेअरिंगचा संच, असे सगळे समोर मांडलेले असावे. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणले जाणारे असतात. ते आधी टॉर्क पान्याने आणि मग ठरलेल्या कोनाने आवळायचे असतात, म्हणून एकदा काढलेले पुन्हा वापरायचे नाहीत. आपल्याकडे ‘चांगला दिसतोय, लावून टाकू’ हे वाक्य फार प्रेमाने उच्चारले जाते.

गिअरबॉक्स काढण्यापूर्वी इंजिनाला खालून आधार द्या. या गाडीचे इंजिन पुढे एका माउंटवर टेकलेले असते आणि मागे त्याचे वजन गिअरबॉक्सच्या दोन माउंटवर असते, त्यामुळे गिअरबॉक्स गेला की इंजिन मागच्या बाजूला झुकते. आधार संपच्या पातळ पत्र्याखाली देऊ नये. खालच्या आडव्या पट्ट्या, सायलेन्सर, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबल आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर हे सुटे केले, की गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. तो तिरका लटकू दिला, तर इनपुट शाफ्टवर भार येतो.

बेअरिंगला हात लावण्याआधीचा टप्पा घाईने करू नका. क्रँकच्या पुलीवरचे छिद्र इंजिनाच्या छिद्रासमोर आणून त्यात पिन घालायची, म्हणजे क्रँक जागेवर राहतो. हिरवी टोपणे काढून कॅमशाफ्टच्या टोकांच्या खाचा योग्य दिशेला आहेत का ते पाहायचे आणि कॅमशाफ्ट हत्याराने बांधून ठेवायचे. त्यानंतर चेनचे टेन्शनर सैल करायचे. मगच झाकण काढायचे. जुनीचाके यांच्या ओळखीच्या गृहस्थांचे इंजिन याच क्रमातल्या एका वगळलेल्या पायरीने गेले. आम्ही प्रत्येक पायरीनंतर मोबाईलवर फोटो काढला, आणि तिघांपैकी दोघांनी होय म्हटल्याशिवाय पुढे गेलो नाही. यात अर्धा दिवस गेला, त्याचे मला काही वाटत नाही.

एका रांगेच्या बेअरिंगपुढे सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी अडकवण कडी, असते. ती काढल्याशिवाय बेअरिंग ओढून काढणारा पुलर लावला, तर पुलर मोडेल किंवा दुसरे काही. नवे बेअरिंग बसल्यावर टेन्शनर परत लावावेत, बांधलेले सगळे सोडवावे, आणि इंजिन पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने, नेहमीच्या दिशेनेच, पूर्ण दोन फेरे फिरवावे. दोन फेऱ्यांनंतर पिन पुन्हा सहज जायला हवी आणि कॅमच्या खाचा मूळ जागी दिसायला हव्यात. तसे झाले नाही, तर चावीला हात लावू नये.

क्रँकचे नवे सील हल्ली टेफ्लॉनच्या ओठाचे येते. ते कोरडेच बसवावे. तेल किंवा ग्रीस लावण्याची आपली जुनी सवय इथे नडते.

फ्लायव्हीलविषयी आणखी एक. ते दोन वस्तुमानांचे, आत स्प्रिंगा असलेले असते. हाताने दोन्ही दिशांना थोडे फिरवून ते परत येते का, डुगडुगते का, हे पाहावे. निळे डाग पडलेत म्हणून ते लेथवर फेसिंगला पाठवू नका. वजन कमी करण्यासाठी एकसंध फ्लायव्हील बसवण्याचा सल्ला कोणी देईल; पण या इंजिनाच्या पुढच्या पुलीत कंपने शोषणारी सोय नाही, ते काम हे फ्लायव्हीलच करते. मूळ क्लच प्लेटलाही म्हणूनच स्प्रिंगा नसतात. एक भाग बदलला, की दुसराही बदलावा लागतो, आणि क्रँकवर येणारा ताण वेगळाच.

मधलेइंजिन

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण झाकणाचे सील परदेशातून येण्यासाठी तेवढा वेळ लागला. काम परवा पूर्ण झाले.

क्लच प्लेट रिव्हेटांपर्यंत आली होती. एका बाजूला तर रिव्हेटांनी प्रेशर प्लेटवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेघा ओढल्या होत्या. फ्लायव्हीलवर डाग होते, पण ते डुगडुगत नव्हते, म्हणून तेच ठेवले. तेलाचा डाग क्रँकच्या सीलमधून येत असावा, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ते सील जवळजवळ कोरडे निघाले आणि तेल आयएमएसच्या झाकणाच्या एका बोल्टच्या कडेने झिरपत होते. मधला नट १३ चाच होता. तो पाना बसला, तेव्हा गॅरेजचे मालक आणि मी दोघांनी एकाच वेळी श्वास सोडला.

जुने बेअरिंग आता माझ्या टेबलावर आहे. त्याचे इंजिनाकडचे सील कडेला फाटले आहे आणि फिल्टरमधली चंद्रकोर तिथे बरोबर बसते. आत ग्रीसचा मागमूस नव्हता. काळपट, पाण्यासारखे पातळ तेल होते, आणि त्याला जुन्या रॉकेलच्या डब्यासारखा वास येत होता. बेअरिंग बोटावर फिरवले तर फिरते, पण एका ठिकाणी किंचित अडखळते. चिंचवडकर म्हणतात ते खड्डे हेच असावेत. नवे बेअरिंग सिरॅमिक गोळ्यांचे बसवले. ठोकणा भोसरीत लेथवर करून घेतला. कारागिराने मापे घेताना हे कोणत्या पंपाचे काम आहे, असे विचारले.

हाताने दोन फेरे फिरवल्यावर पिन पहिल्याच प्रयत्नात आत गेली. गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. पेडल आता इतके हलके आहे, की पहिल्या सिग्नलला मी ते गरजेपेक्षा दुप्पट जोराने दाबले.

जुनीचाके, आपल्या सांगण्यावरून काल सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आलो. आज पुन्हा जाईन म्हणतो.

जुनीचाके

ते अडखळणारे बेअरिंग पाहिले असते, तर मीही बदलाच म्हटले असते. अभिनंदन. आता पहिले तेल हजार-दीड हजार किलोमीटरवरच बदला आणि तो फिल्टरही कापून पाहा, कारण गिअरबॉक्स उतरवताना काही ना काही आत पडतेच. तेल साधारण आठ लिटर लागते, तेव्हा कॅन मोजून घ्या.

चिंचवडकर

फिल्टर पुढच्या वेळी वर्तमानपत्रावर पसरू नका. ओल्या कागदावर छपाईची शाई सुटते आणि तिचे ठिपके कण म्हणून मोजले जातात. पांढरी फरशी किंवा जेवणाची जुनी चिनी मातीची बशी घ्या, आणि ती बशी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, याची घरच्यांना आधीच खात्री द्या.